फुकट मिळतं ते विकत कशाला?

प्रश्न : माझ्या हापूस विक्रीच्या वेबसाइटवर क्रोम ‘नॉट सिक्युअर’ दाखवतो. होस्टिंगवाले एसएसएल सर्टिफिकेटचे वर्षाला २,५०० रुपये मागतात. द्यावेत का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : अजिबात नको. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१५पासून हे सर्टिफिकेट (साइट आणि ग्राहक यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येऊ नये यासाठी लागणारं) फुकट देते. एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीला लागणारं कुलूप, विकतच्याइतकंच पक्कं. आधी सीपॅनेलमध्ये (होस्टिंगवाले साइट सांभाळायला देतात त्या पॅनेलमध्ये) ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ उघडून ‘रन ऑटोएसएसएल’ दाबा, बऱ्याचदा तिथेच काम होतं. तो पर्याय बंद ठेवला असेल (ठेवतात हो, मुद्दाम!) तर होस्टिंगवाल्यांना सुरू करायला सांगा. कुरकुर केली, तर होस्टिंग बदला. स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉट हे सर्टिफिकेट मिळवून देणारं फुकट सॉफ्टवेअर वापरा. सर्टिफिकेटची मुदत मात्र ९० दिवसांचीच. नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे आंबा उतरायच्या आधीच तपासा. मुदत संपत आल्याच्या आठवणीचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५मध्ये बंद केलेत.