भाऊ तुरुंगात आहे, नियम कुणी सांगत नाही. घरच्यांनी सुरुवात कुठून करायची?

तुम्ही लिहिलंय की भावाला तुरुंगात नेऊन आठ दिवस झाले, त्याचा फोन नाही, आणि मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, गेलात तर दारातूनच परत पाठवलं. माझे वडील अडीच वर्षं आत होते, त्यामुळे हे आठ दिवस कसे जातात ते मला माहीत आहे.

आधी फोनचं. भाऊ फोन करत नाही म्हणजे त्याला बोलायचं नाही, असं मनात आणू नका. नव्या माणसाची नोंद, वैद्यकीय तपासणी, त्याला कुठे ठेवायचं ते ठरणं, त्याने दिलेले नंबर मंजूर होणं, एवढं पार पडेपर्यंत बऱ्याच तुरुंगांत फोन लावताच येत नाही. वडिलांनी पहिल्याच दिवशी आईचा नंबर लिहून दिला होता, पण त्यात एक आकडा चुकला होता. ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि तोवर घरात नको नको ते बोलून झालं होतं.

मुलाखतीला आम्ही तीनदा परतलो. पहिल्यांदा माझं नाव यादीत नव्हतं, कारण भेटायला कोण येणार ते वडिलांनी आतून कळवायचं होतं. दुसऱ्यांदा आईच्या ओळखपत्रावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळेना. तिसऱ्यांदा तो आमचा वारच नव्हता. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: यादीत कोणाकोणाचं नाव आहे, कोणतं ओळखपत्र चालतं, वार आणि वेळ काय, सोबत काय नेता येतं. उत्तर कोणी दिलं, कधी दिलं, ते वहीत लिहून ठेवा. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

भाऊ कच्चा कैदी, म्हणजे निकाल न लागलेला, आहे की शिक्षा झालेला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोघांचे नियम सहसा वेगळे असतात, मुलाखती किती मिळतात तेही. खटला चालू असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावा: फोनवर किंवा मुलाखतीत खटल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ही बोलणी ऐकली जातात, अनेक ठिकाणी रेकॉर्ड होतात, आणि धीर देण्यासाठी सहज बोललेलं वाक्य कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकतं. साक्षीदाराला निरोप पोचवणं तर मुळीच नाही. त्यात तुम्हीच आरोपी होऊ शकता. खटल्याचं बोलणं वकिलामार्फत. वकिलाच्या भेटीवर पहारेकऱ्याने नजर ठेवली तरी बोलणं ऐकू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

हे नियम तुम्हाला माहीत असायलाच हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर 2015 मध्ये कैद्यांना कसं वागवावं याचे 122 नियम स्वीकारले. 27 वर्षं तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलंय. ते थेट कायदा नाहीत, रोजचा कारभार त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि तुरुंगाच्या नियमावलीवर चालतो. पण अर्जात त्यांचा दाखला देता येतो. नियम 58 म्हणतो की कैद्याला घरच्यांशी पत्राने आणि भेटीने नियमित संपर्क ठेवू द्यावा. नियम 43 प्रमाणे शिस्तभंगाची शिक्षा म्हणून घरच्यांचा संपर्क सरसकट तोडता येत नाही. निर्बंध घालायचा तर मर्यादित काळासाठी, सुरक्षेला खरोखर गरज असेल तेव्हाच. नियम 56 मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कैदी आणि त्याचा वकील, दोघांनाही तक्रार करणं शक्य नसेल, तर घरचा माणूस ती करू शकतो. आईला हे कळलं त्या दिवसापासून ती खिडकीपाशी हात जोडून उभी राहायची थांबली. अर्ज लिहायची, पोच घ्यायची.

पैसे फक्त तुरुंगाने सांगितलेल्या अधिकृत मार्गानेच भरा. ‘आतली सोय करून देतो’ म्हणणारा फोन आला, तर एक पैसाही देऊ नका.

मुलांना नेणार असाल तर झडती होईल, मध्ये काच किंवा जाळी असेल, काकाला कदाचित मिठी मारता येणार नाही, हे घरीच सांगून ठेवा. माझ्या धाकट्या भावाला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तो काचेवर हात आपटत राहिला आणि ती सगळी भेट त्याला शांत करण्यात गेली.

मुलाखत ठरेपर्यंत आजच पत्र टाका. त्यावर भावाचं पूर्ण नाव आणि कैदी क्रमांक लिहा, नाहीतर ते पडून राहायची भीती असते. पत्रं उघडून वाचली जातात, तेव्हा खटला त्यातही नको. घरातलं लिहा, आणि तुमचा नंबर ठळक, सुट्या आकड्यांत लिहा.