पेसमेकरच्या चेकअपमध्ये ‘एएफ’ (हृदयाच्या वरच्या कप्प्याचे वेगवान, बेताल ठोके) निघाला, पण बाबांना काहीच त्रास नाही. मशीन चुकलं असेल का?

मशीन चुकतं, पण दर वेळी नाही. आणि ‘मला काहीच झालं नाही’ हे बाबांचं म्हणणंही खोटं नसेल.

मी पेसमेकर तपासायचं काम करतो. महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला येतो, कधी पुढे राजापूर-कुडाळपर्यंत. तुमच्यासारखा प्रश्न जवळपास प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारतं.

बाबांचा पेसमेकर बहुतेक दोन वायरचा असावा (कार्डावर डीडीडी लिहिलंय का बघा). त्यातली एक वायर हृदयाच्या वरच्या कप्प्यात असते आणि एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, होतो तो तिथेच. ती वायर रात्रंदिवस तिथला प्रत्येक ठोका टिपते. वरची गती मिनिटाला साधारण १७० ते १९० च्या पुढे गेली की मशीन तारीख, वेळ आणि किती वेळ चाललं ते लिहून ठेवतं. काही एपिसोडचा आलेखही साठवतं. साधा ईसीजी दहा सेकंदांचा, होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र) एक-दोन दिवसांचा. तेवढ्यात एएफ सापडणं म्हणजे नशीबच.

मग जाणवत कसं नाही? ज्यांच्या हृदयात ठोक्याचा संकेत वरून खाली नेणारा मार्गच बंद आहे, त्यांच्यात वरचा गोंधळ खाली पोचत नाही. मशीनही मोड बदलतं आणि खालचे ठोके संथपणे चालू ठेवतं. देवगडकडचे एक कलमवाले आजोबा होते. रेकॉर्डमध्ये रात्रीचे नऊ तास एएफ, आणि ते म्हणाले, त्या रात्री तर मस्त झोप लागली!

आता चुकण्याचं. शेजारच्या वाडीतली आरती आपल्या पडवीत ऐकू यावी, तसा खालच्या कप्प्याचा ठोका कधीकधी वरच्या वायरला ऐकू येतो. मशीन एकाच ठोक्याचे दोन मोजतं आणि ‘एएफ’ म्हणून नोंदवतं. एका आजींच्या नावावर असे शेकडो एपिसोड होते, सगळे काही सेकंदांचे. आलेख उघडला तर एकही खरा नव्हता. सेटिंग बदललं, पुढच्या खेपेला शून्य. म्हणून नुसता आकडा ऐकून घाबरू नका. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: आलेख डोळ्यांनी पाहिला का, आणि सगळ्यात लांब एपिसोड किती वेळाचा होता?

वेळेला महत्त्व आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘असर्ट’ अभ्यासात ६५ वर्षं किंवा त्यावरच्या, रक्तदाब असलेल्या २,५८० लोकांची उपकरणं तपासली. पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे १० टक्के लोकांत सहा मिनिटांपेक्षा लांब एपिसोड सापडले, आणि त्यांच्यात पक्षाघाताचा धोका जवळपास अडीचपट दिसला. पुढच्या विश्लेषणात मात्र वाढलेला धोका मुख्यतः २४ तासांवरच्या एपिसोडशी जोडलेला निघाला. पक्षाघात टाळायला रक्त पातळ करणारी गोळी द्यायची का, याचं उत्तरही सरळ नाही. २०२३ मध्ये दोन मोठे अभ्यास आले. एकात एडॉक्सॅबॅन या गोळीचा ठोस फायदा दिसला नाही, दुसऱ्यात ॲपिक्सॅबॅन या गोळीने पक्षाघात कमी झाले, आणि दोन्हींत रक्तस्राव वाढला. त्यामुळे वय, रक्तदाब, साखर, आधी पक्षाघाताचा झटका आलाय का, हे सगळं बघून डॉक्टरच ठरवतील. मेडिकलवाल्याला विचारून गोळी सुरू करू नका, आणि चालू असलेली मनाने बंदही करू नका.

घरून डेटा पाठवणारा डबा काही मशीनना मिळतो. तो बाबांच्या खाटेजवळ, रेंज येते त्या बाजूला ठेवायचा. पावसाळ्यात लाइट गेली की तोही बसतो. आणि तो डबा म्हणजे काही अॅम्ब्युलन्स नव्हे. छातीत दुखलं, चक्कर आली तर थेट दवाखाना गाठायचा.

पुढच्या चेकअपला पेसमेकरचं कार्ड न्या आणि आलेखाची प्रिंट मागून घ्या. निघण्याआधी फोन करून कंपनीचं नाव सांगा. एका कंपनीचा प्रोग्रॅमर (पेसमेकर तपासायचं यंत्र) दुसरीचं मशीन वाचत नाही, आणि भाड्याची गाडी करून आलेली माणसं तशीच परत जाताना मी पाहिली आहेत.