पचमढीला पहिल्यांदाच स्काउट पथक नेताय?

भारत स्काउट्स अँड गाइड्सचं पचमढीचं केंद्र पहिल्या कॅम्पसाठी उत्तम. घाबरू नका, सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- शौचाचा खड्डा आणि भांडी घासायची जागा ओढ्यापासून किमान ६० मीटर लांब. खड्डा १५-२० सेंमीच खोल. त्याखालच्या मातीत कुजवणारे जीवाणू कमी, मैला तसाच राहतो.
- शेकोटी परवानगी असेल तरच, तीही जुन्याच जागी. नवी पथकं इथेच हमखास चुकतात: वरून माती लोटतात, आत निखारे धुमसत राहतात. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही.
- तंबूत खाऊ ठेवू नका, माकडं कापड फाडतात.

तंबूभोवती चर खणू नका, पावसात तिथूनच माती वाहून जाते. पायोनियरिंगचे (काठ्या-दोरीने बांधायचे) मनोरे पुढच्या कॅम्पला!