भरतीची रेषा तुमच्या सर्व्हे नंबरातून जाते तेव्हा

गोव्याच्या किनारी आराखड्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांना आज उत्तरे देतो. त्याआधी थोडी पार्श्वभूमी. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. दुसरी 2011 ची, तिसरी 18 जानेवारी 2019 ची. प्रत्येक अधिसूचनेनंतर किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा नव्याने करावा लागतो, आणि भरती रेषा, ना विकास क्षेत्र, खारफुटी, वाळूच्या टेकड्या हे सगळे त्याच नकाशावर ठरते. गोव्याचा 2011 चा आराखडा मंजूर झाला तो सप्टेंबर 2022 मध्ये. तोवर 2019 ची अधिसूचना येऊन साडेतीन वर्षे उलटली होती. नवे नियम कधी लागू होतात याविषयी लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. नव्या अधिसूचनेप्रमाणे केलेला आराखडा केंद्राने मंजूर करेपर्यंत 2011 चेच नियम चालतात, असे 2019 ची अधिसूचना स्वतःच सांगते. पुढची उत्तरे वाचताना हे लक्षात असू द्या.

आमचे घर हरमलला, आजोबांच्या काळातले. लहानपणी समुद्र घरापासून बराच लांब होता, आता जवळ आला आहे. नव्या मोजणीत रेषा आत सरकली तर घर दोनशे मीटरच्या आत येईल. मग छप्परही बदलू देणार नाहीत का?

छप्पर बदलता येईल. भरती रेषेपासूनच्या या दोनशे मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे ना विकास क्षेत्रात, नवे बांधकाम नाही, पण अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. अट एवढीच की जोत्याचे क्षेत्रफळ, चटई क्षेत्र आणि घनता आहे तेवढीच राहिली पाहिजे. गोव्यासाठी 2011 च्या अधिसूचनेत वेगळा भाग आहे. मच्छीमारांसह स्थानिक लोकांच्या बांधकामांची दुरुस्ती व पुनर्बांधणी करू द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या बाजूने हा मोठा आधार आहे.

खरा प्रश्न पुराव्याचा. घर 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीचे आहे हे कागदावर दिसले पाहिजे. आपल्याकडे 1970 च्या दशकात जमिनींचे सर्वेक्षण झाले. त्या सर्वेक्षण आराखड्यावर तुमच्या घराचा चौकोन असेल तर त्याहून भक्कम पुरावा नाही. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, पंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेचे जुने बिल हेही जोडा. कोणाचीही नोटीस येण्याची वाट न पाहता सर्वेक्षण आराखड्याची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवा. मी मोजणीच्या कामात बरीच वर्षे घालवली. खरे जुने घर केवळ कागद वेळेत न मिळाल्यामुळे बेकायदा ठरलेले मी पाहिले आहे. त्या घरातल्या म्हातारीचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता रेषेविषयी. भरती रेषा म्हणजे उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या, भरतीचे पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जिथवर पोचते ती रेषा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीची नव्हे, आणि वादळात एखाद्या रात्री पाणी चढले त्याचीही नव्हे. गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा असतो. सपाट पुळणीवर तेवढ्यानेही रेषा बरीच आत जाते. परवानग्यांसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेलीच रेषा धरायची, असे 2019 च्या अधिसूचनेत आहे. म्हणजे समुद्र रोज कुठवर येतो ते तुम्ही दारातून पाहता, पण अर्ज तपासणारा अधिकारी नकाशावरची रेषा पाहतो. धोका रेषा नावाची आणखी एक रेषा असते. धूप आणि समुद्रपातळीची वाढ धरून ती काढतात. 2019 च्या नियमांत ती फक्त आपत्ती व्यवस्थापनासाठी उरली आहे, परवानगीशी तिचा संबंध नाही. माझ्या मते हे चुकले. घर कुठे बांधू नये हे सांगणारी सगळ्यांत प्रामाणिक रेषा तीच होती.

दोनशे मीटरचे पन्नास होणार, अशीही चर्चा तुमच्या गावात असेल. 2019 च्या नियमांत ही सवलत फक्त 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागाला आहे. गोव्याची सरासरी त्या जनगणनेत 394 होती. तुमच्या गावची लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ एवढे गणित स्वतः करून पाहा, मग कोणाच्या आश्वासनावर विसंबावे लागणार नाही.

चोडणला आमचे खाजन शेत. काही वर्षांपूर्वी बांध फुटला, खारे पाणी आत शिरले आणि आता अर्ध्या शेतात तिवर उगवले आहेत. मसुद्याच्या नकाशात ते हिरवे दाखवले आहे. आमचे शेत गेले का? काही जण सांगतात, नकाशा पक्का होण्याआधी झाडे तोडून टाका.

झाडे तोडू नका. खारफुटी तोडणे हा गुन्हा आहे, आणि जुन्या उपग्रह छायाचित्रांत ती झाडे आधीच नोंदली गेली आहेत. तोडलीत तर शेतकरी म्हणून तुमची जी बाजू आहे ती त्याच दिवशी संपेल.

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. गोव्यात सुमारे 17 ते 18 हजार हेक्टर खाजन जमीन आहे. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून ती चिखल, पेंढा आणि चिऱ्यांच्या बांधांनी राखलेली. मानशीची, म्हणजे बांधातल्या जलद्वाराची, दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. आत पावसाळ्यात कोरगूट हे खारे पाणी सोसणारे भात पिकते, पोंयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, सुंगटे (कोळंबी) मिळतात. ही जमीन माणसाने समुद्राकडून शतकानुशतके कष्टाने मिळवली आणि बांध रोज राखून टिकवली. राखण थांबली की दोन-चार वर्षांत ती परत खाडी होते. बांध का फुटतात? कधी बार्जच्या लाटांनी. कधी मानशीतल्या मासेमारीचा लिलाव घेणारा माशांसाठी दारे हवी त्याहून जास्त वेळ उघडी ठेवतो म्हणून. आणि पुष्कळदा, बांध राखणाऱ्या कूळ संघटनेची बैठकच वर्षानुवर्षे होत नाही म्हणून.

कायदा काय म्हणतो पाहा. भरतीच्या पाण्यावर 19 फेब्रुवारी 1991 च्या आधी बांधलेला बांध किंवा मानस असेल, तर भरती रेषा त्या बांधाजवळच थांबते. आत पाणी शिरले तरी रेषा आत येत नाही. हे तुमच्या बाजूचे आहे. पण त्याच कलमाचा पुढचा भाग तुमच्या विरुद्ध जातो. खारे पाणी शिरल्यामुळे बांधाच्या आत जी खारफुटी उगवली, ती कितीही जागेवर असली तरी सीआरझेड-एक अ, म्हणजे सर्वांत संवेदनशील वर्गात धरायची आणि कोणत्याही विकासकामासाठी वळवायची नाही.

याचा अर्थ उरलेले मोकळे शेत नकाशात हिरवे दाखवले असेल तर ती चूक आहे, आणि त्यावर हरकत घ्यायलाच हवी. तिवर असलेला भाग मात्र आता त्या वर्गातून काढणे जवळपास अशक्य आहे. उपग्रहाला आजची हिरवळ दिसते. बांध केव्हा फुटला, तो कोणी राखायचा होता, तिथे कोणते भात पिकत होते, हे त्याला दिसत नाही. दुर्लक्षाने झालेली गोष्ट नकाशावर निसर्गाची म्हणून नोंदली जाते आणि तिचा भार कसणाऱ्यावर पडतो. हा अन्याय आहे, असे मी लिहितो तेव्हा मला खारफुटी नको असे नाही. नदीकाठी, बांधाच्या बाहेर ती हवीच, बांधालाही तिचाच आधार असतो.

तुम्ही आता दोन कामे करा. पहिले, हरकतीत बांध आणि मानस यांच्या जागा सर्वेक्षण आराखड्यावर खुणा करून दाखवा. 1970 च्या दशकातल्या आराखड्यात मानस दाखवलेली असते, आणि 1991 च्या आधीचा बांध सिद्ध करायला तेवढे पुरते. कूळ संघटनेची जुनी इतिवृत्ते, दुरुस्तीसाठी झालेला पत्रव्यवहार मामलेदार कचेरीत मिळतो का तेही पाहा. दुसरे, फुटलेल्या जागी बांध घालून घेण्यासाठी संघटनेमार्फत मामलेदाराकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. पाणी आत येत राहिले तर पुढच्या आराखड्यात हिरवा रंग आणखी वाढलेला असेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे शेत भरून तिथे पुढेमागे बांधकाम करावे असा विचार घरात कोणाच्या मनात असेल, तर तिवर नसलेल्या भागातही ते होणार नाही. 2011 च्या अधिसूचनेतल्या गोव्याच्या भागात खाजन जमिनींचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा आणि तिथे विकासकामाला परवानगी देऊ नये, असे लिहिलेले आहे.

शिरोड्याला आमच्या जागेशेजारून झुआरीला मिळणारा व्हाळ (ओढा) जातो, रुंदी तीसेक मीटर. शंभर मीटर सोडायचे की पन्नास?

तीस. नदी-खाडीच्या काठी 2011 च्या नियमात शंभर मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतले जे कमी असेल ते धरतात. 2019 मध्ये शंभरचे पन्नास झाले, पण ‘जे कमी असेल ते’ तसेच राहिले. तुमच्या व्हाळाला दोन्ही नियमांत फरक पडत नाही. फरक पडतो तो मांडवी-झुआरीसारख्या रुंद पात्रांच्या काठी, तिथे पट्टा निम्म्यावर येईल.

व्हाळ सीआरझेडमध्ये मोडतो का हे मात्र आधी पाहा. भरतीचे पाणी मांडवी-झुआरीत मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत चढते, पण क्षेत्राची हद्द तिथवर जात नाही. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारात 5 भाग असते तिथवरच ती जाते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे 35 असते. जुलैत चव घेऊन व्हाळ गोडा आहे म्हणू नका. मोजणी मे महिन्यातली धरतात.

काणकोणात एकजण सांगतो की त्याच्या ओळखीची संस्था भरती रेषेची नवी मोजणी करून देते आणि रेषा वीस-पंचवीस मीटर समुद्राकडे सरकते. पैसे बरेच मागतो. असे करता येते का?

पैसे देऊ नका. मंजूर आराखड्यातली रेषा कोणत्याही खासगी मोजणीने सरकत नाही.

तो ज्याचा आधार घेतो ती गोष्ट अशी आहे. प्रकल्पाच्या अर्जासोबत 1:4000 प्रमाणाचा नकाशा द्यावा लागतो. त्यावर भरती रेषा, ओहोटी रेषा आणि तुमच्या बांधकामाचा आराखडा एकत्र दाखवलेला असतो. हे काम केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या मोजक्याच संस्था करू शकतात. आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे नाव त्या यादीत आलेले आहे. मोठ्या आराखड्याचे प्रमाण 1:25000 असते, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर 25 मीटर. रेघेच्या जाडीतच एखाद्याचे अंगण जाऊ शकते. 1:4000 वर तोच मिलिमीटर 4 मीटरचा होतो. म्हणून बारीक नकाशावर तुमची जागा नेमकी कुठे येते ते समजते, आणि कधी कधी ती खरोखर बाहेर पडते. पण हे रेषेच्या संदर्भात जागा नीट बसवणे झाले, रेषा हलवणे नव्हे. त्या माणसाला संस्थेचे नाव आणि केंद्र सरकारच्या मान्यतेचे पत्र लेखी मागा.

याच पत्रात तुम्ही विचारले आहे की 300 चौरस मीटरपर्यंतच्या घराला आता किनारी प्राधिकरणाची गरज नाही, हे खरे का. 2019 च्या नियमांत स्वतःच्या राहत्या घरासाठी तशी तरतूद आहे. प्राधिकरणाच्या शिफारशीशिवाय स्थानिक संस्था मंजुरी देऊ शकते, पण सीआरझेडचे नियम तपासूनच. नगरनियोजन, जमीन बिगरशेती करण्याची सनद आणि पंचायतीचा परवाना यांतून सुटका नाही. मला काळजी वाटते ती पंचायतींची. नकाशा वाचू शकणारा माणूस किती पंचायतींत आहे?

मोरजीला किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्या मसुद्यात दाखवलेल्याच नाहीत. सुनावणीत आम्ही बोलायला उभे राहिलो तर ऐकतात का? हरकत कशी लिहावी?

सुनावणीत बोला, पण बोलण्यावर अवलंबून राहू नका. गोव्यात 2021 च्या सुनावण्यांत लोक किती चिडले होते ते आपण पाहिले. त्या रागाला कारण होते, पण नोंदीत उरतो तो लेखी कागद. ‘आमच्या गावच्या टेकड्या वगळल्या’ असे लिहिलेत तर उत्तर येईल ‘नोंद घेतली’. त्याऐवजी गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग, नकाशाच्या पानाचा क्रमांक, काय दाखवले आहे आणि काय हवे होते, हे एकेका ओळीत लिहा. एका टेकडीला एक परिच्छेद. तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसतील असे फोटो जोडा. जागेचे गावात चालणारे नावही लिहा. रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना, प्रत्येक उंचवट्याचे नाव ठाऊक असते आणि त्यावरून ती जागा पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे हे दिसते.

फोटो काढताना मर्यादवेल दिसेल असा काढा. तिची जांभळी फुले आणि वाळूवर पसरलेले जाळे लगेच ओळखू येते. ती रुजते तिथे वाळू स्थिर झालेली असते आणि टेकडी तयार होऊ लागते. नाव कोणी दिले माहीत नाही, पण आपल्या लोकांनी भरतीची हद्द त्या वेलीवरून ओळखली होती. बुलडोझर फिरवून सपाट केलेल्या जागेवरही एक-दोन पावसाळ्यांनी ती परत येते, तेही टिपून ठेवा.

मोरजीला आणखी एक आधार आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीचे म्हणून 2011 च्या अधिसूचनेत नावानिशी आहेत आणि तिथे विकासकामाला मनाई आहे. वाळूच्या टेकड्यांवर काही करू नये, त्यांचे सर्वेक्षण करून नकाशा करावा, हेही तिथेच लिहिले आहे. हरकतीत या तरतुदीचा उल्लेख पहिल्याच ओळीत करा. सप्टेंबर ते मे या काळात उभे राहणारे शॅक वेगळे. तात्पुरत्या बांधकामांना परवानगी आहे, पण टेकडी कापून ती उभी करायला नाही.

हरकतीच्या दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. तीच हरकत ग्रामसभेच्या ठरावानेही पाठवा. एकदा मंजूर झालेला आराखडा साधारणपणे पाच वर्षे तरी बदलत नाहीत, असे 2011 च्या अधिसूचनेत आहे.