मेंढरांतलं पिल्लू आणि त्याचा पहिला हिवाळा: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

राम राम मंडळी. या वेळी इंदूर जिल्ह्यातून कुत्र्यांबद्दल तीन प्रश्न आलेत. मानपूरकडच्या एका भाऊंनी विचारलंय की चाळीसेक मेंढ्या आहेत, हौसेनं बॉर्डर कॉली घेतली, चार महिन्यांची झालीय आणि आता कोकरांच्या मागे धावते, पायाला धरते, काय करू. देपालपूरच्या ताईंनी लिहिलंय की फलटणच्या मामांकडून धनगरी कुत्र्याची दोन पिल्लं आणलीत, अडीच महिन्यांची आहेत, थंडी फार म्हणून घरातच ठेवलीत, कळपात कधी सोडू. आणि सांवेरच्या एका दादांचा प्रश्न आहे की एक मेंढी गोल गोल फिरतेय, लोक गिड म्हणतात, हे घरच्या कुत्र्यामुळे होतं का. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत म्हणून एकत्रच लिहितो.

आधी हे पक्कं करा की तुमच्याकडे कुत्रा कुठल्या कामाचा आहे. कॉली हा हाकणारा कुत्रा. रोखून बघणं, दबा धरणं, धावून वळवणं हे त्याच्या रक्तातच आहे, शिकाऱ्याचीच चाल आहे ती, फक्त चावण्याचा शेवटचा भाग माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून कमी केलाय. धनगरी कुत्रा राखणदार. त्याला मेंढरं वळवायची नाहीत, त्यांच्यात राहायचंय, त्यांना आपलं घर मानायचंय आणि लांडगा-कोल्हा आला की भुंकत मध्ये उभं राहायचंय. म्हणून दोघांना वाढवायची रीत अगदी उलटी आहे. कॉलीला मेंढरांपासून लांब ठेवायचं आणि तुमच्या सोबतच मेंढरांकडे न्यायचं, धनगरी पिल्लाला मेंढरांतच ठेवायचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मी नेमकं याच्या विरुद्ध बघतो, कॉली मेंढरांच्या वाड्यात मोकळी आणि धनगरी पिल्लू घराच्या ओसरीवर मुलांच्या मांडीवर. मग सहा महिन्यांनी दोन्ही कुत्री बिघडली म्हणून तक्रार येते आणि ज्याच्यात काही खोट नव्हती असा कुत्रा रस्त्यावर सोडून दिला जातो, याचं खरंच वाईट वाटतं.

मानपूरचे भाऊ, तुमची कॉली वाईट नाही, तिला काम फार लवकर मिळालं आणि तेही तिच्या मनानं. आजपासून वाड्याचं दार तिला बंद. तुम्ही जवळ नसाल तेव्हा ती बांधलेली किंवा जाळीच्या खोलीत. कोकरू पळतं, ती मागे लागते, तिला मजा येते, आणि असं रोज झालं की ती सवयच होऊन बसते. या वयात तिला चारच गोष्टी यायला पाहिजेत: नाव घेतलं की बघणं, 'ये' म्हटलं की येणं, 'बस' म्हटलं की जिथं आहे तिथं पोट टेकून बसणं, आणि दोरीला ताण न देता चालणं. शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरा, आजी 'बस' म्हणते आणि नातू 'सिट' म्हणतो असं चालू राहिलं तर ती बिचारी कोणाचं ऐकणार. पाच-सहा मीटरची हलकी दोरी पट्ट्याला लावून वाड्याच्या बाहेरून कुंपणाला धरून फिरवा, तिची नजर मेंढरांवर खिळली, मान खाली गेली, पाऊल हळू झालं की त्याच क्षणी 'बस'. बसली की भाकरीचा तुकडा द्या आणि तिथून निघून या. ओरडू नका, काठी तर अजिबात नको, मार खाल्लेली कॉली एक तर कामच सोडते नाहीतर घाबरून जास्त चावते.

खऱ्या मेंढ्यांवर काम आठ-दहा महिन्यांची झाल्यावर, कोणाला वर्षही लागतं. तेव्हाही चार-पाच शांत, मोठ्या, भाकड मेंढ्या निवडा, छोटा गोल वाडा करा, पाच-दहा मिनिटं बस झाली, तिला अजून करायचं असतानाच थांबवा. गाभण मेंढ्यांवर कधीच नाही. मेंढीचे दिवस साधारण दीडशे असतात, पावसाळ्यात फळलेल्या मेंढ्या आता डिसेंबर-जानेवारीत भरत आल्यात, अशीला कुत्र्यानं पळवलं की दारात धक्काबुक्की होते, गाभ पडतो. कुत्र्याच्या शिक्षणापायी कोकरू गमावण्यात काय अर्थ.

आता हिवाळ्याचा फायदा सांगतो. माळव्यात या दिवसांत सकाळी दव असतं, ओल्या गवतावर मेंढरं सोडू नयेत म्हणून कळप नऊ-साडेनऊपर्यंत वाड्यातच असतो. तोच तासभर पिल्लांसाठी सोन्यासारखा आहे, हवा गार, मेंढरं शांत, तुम्हीही घरीच. एप्रिल-मे मध्ये बेचाळीस डिग्रीत केसाळ कॉलीला काही शिकवायला जाल तर तिला ऊन लागेल. म्हणून जे मूळ धडे आहेत ते फेब्रुवारीपर्यंत उरकून घ्या.

देपालपूरच्या ताई, थंडीची काळजी तुमच्या जागी मीही केली असती, पण अडीच महिन्यांचं पिल्लू कोरडं असेल आणि वारा लागत नसेल तर आपल्याकडची थंडी सहन करतं. तीन-साडेतीन आठवड्यांपर्यंतच्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, त्यानंतर तसं राहत नाही. पिल्लू माणसाला, मेंढराला, जगाला ओळखायला शिकतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तुमच्या पिल्लांचे अकरा आठवडे संपत आलेत, म्हणजे हातात थोडेच दिवस आहेत, उद्यापासूनच वाड्यात न्या. वाड्याच्या कोपऱ्यात वाऱ्याच्या आडोशाला फळ्यांची पेटी ठेवा, खाली पोतं, त्यावर सोयाबीनचं नाहीतर गव्हाचं भुसकट वीतभर, ओलं झालं की बदलायचं. समोर छोटी जाळी लावा आणि खाली एवढंच भोक ठेवा की पिल्लू आतबाहेर जाईल पण मेंढी आत येणार नाही. खाणं आतच द्या, दिवसात तीनदा, मका-ज्वारीची भाकर दुधात किंवा ताकात कुस्करून, सोबत उकडलेलं अंडं, थंडीत जरा जास्तच. मेंढरांना ती भाकर मिळाली तर पोट बिघडतं, आणि खाण्यावरून पिल्लू कोकरावर गुरगुरायला लागलं तर पुढे त्रास.

दोन्ही पिल्लं एकत्र नको. भावंडं एकमेकांशीच खेळतात, मेंढरांकडे लक्षच देत नाहीत, आणि जरा मोठी झाली की दोघं मिळून कोकराला घेरतात. एक या वाड्यात, एक दुसऱ्या, किंवा आलटून पालटून. निदान वर्षभर.

पहिले काही दिवस म्हाताऱ्या, न घाबरणाऱ्या मेंढ्यांत सोडा आणि जवळ बसून राहा. एक गोष्ट नीट बघा. पिल्लू पुढे जातं, मेंढी पुढचा पाय जमिनीवर आपटते, मान खाली घालते, आणि पिल्लू थबकतं, पोट जमिनीला टेकवतं, तोंड दुसरीकडे फिरवतं. तिथे तुम्ही काही करू नका, मेंढीच शिकवतेय. हळू आवाजात 'शाब्बास' म्हटलं तरी पुरे. मधे पडून पिल्लाला उचलून घेतलं की तो धडा वाया गेला. पण मेंढी डोक्यानं मारायलाच लागली तर मात्र बाहेर काढा, चिरडलेलं पिल्लू आयुष्यभर मेंढरांना घाबरतं. कोकरू जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लू दोरीनं बाहेर बांधा, आईनं कोकराला चाटून ओळखलं पाहिजे, मधे कुत्र्यानं चाटलं की काही मेंढ्या कोकराला टाकतात. मेंढी व्याल्यावर पडणारी वार कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, खोल पुरा.

पाच-सहा महिन्यांनंतर अशी पिल्लं पळापळ करायला लागतातच. कोणी पळवतंय असं दिसलं तर आपल्या जुन्या लोकांचं लोढणं वापरा, पट्ट्याला हलकं लाकूड असं लटकवा की चालताना त्रास नाही, धावताना गुडघ्याला लागेल. दिवसा, तुमच्या नजरेखालीच, रात्री काढून ठेवा. पूर्ण विश्वासाचा राखणदार व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात, एवढा धीर ठेवाच.

आता सांवेरचे दादा. हो, संबंध आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गिडचा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, अंडी विष्ठेतून चाऱ्यावर जातात, मेंढी खाते, तिच्या मेंदूत पाण्याची गाठ होते, मग ती डोकं वाकडं करून फिरते. मेंढी मेली की तिचं मुंडकं कुत्र्याला टाकतात आणि चक्र पुन्हा सुरू. यकृत-फुफ्फुसातल्या पाण्याच्या गाठींचं असंच, आणि तो जंत माणसालाही, मुलांनाही होतो. म्हणून मेलेल्या मेंढराचं कच्चं काहीही कुत्र्याला घालू नका. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेलचं औषध डॉक्टरांना वजन सांगून घ्या, दर तीन महिन्यांनी तरी, आणि कुत्र्याला मढं खायला मिळत असेल तर दर दीड महिन्यानं. औषध दिल्यावर दोन दिवस बांधून ठेवा आणि विष्ठा खोल पुरा. तुमची आत्ताची मेंढी कुत्र्याला औषध देऊन बरी होणार नाही, ही गाठ वाढायला महिने लागलेत. तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, कधी कधी कवटीला मऊ जागा लागते आणि ऑपरेशननं गाठ काढता येते. ताप असेल, बुरशीचा चारा खाल्ला असेल तर दुसराही आजार असू शकतो, म्हणून अंदाजानं इलाज नको. वाहन नसेल तर १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना येतो.

पिल्लांना गोल जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, मग दर महिन्याला सहा महिन्यांपर्यंत. पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथींची लस सहा-आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीज तीन महिन्यांचं झालं की आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. कोणाला चावलं, ओरखडलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना. कॉली पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्या वंशातल्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध विषासारखं लागतं, मेंढरांना टोचलेल्या औषधाची उरलेली बाटली किंवा ताज्या लेंड्या तिच्या तोंडाला लागू देऊ नका.

कान-शेपूट कापायच्या भानगडीत पडू नका, त्यानं कुत्रा शूर होत नाही आणि १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात ते बसतही नाही. मानपूर, चोरल, महूच्या घाटाकडे बिबट्या आहे, तिथं वर्षाच्या आतलं पिल्लू रात्री एकटं वाड्यात ठेवू नका, मोठ्या कुत्र्यासोबत किंवा माणसाच्या खाटेजवळ ठेवा, गळ्यात काटेरी पट्टा घाला. वाड्याभोवती विष ठेवायचं नाही, बिबट्या-लांडगा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, आणि ते विष सगळ्यात आधी तुमचंच पिल्लू खातं.