एकट्या सशाला जोडीदार आणावा का?

प्रश्न : आमचं घर वडगावात, पुढच्या सोप्यात दोन माग चालतात. मागल्या वर्षी मुलीनं हट्टानं पांढरा ससा आणला. आता ती दहावीला आहे, शाळा आणि ट्यूशन करून घरी यायला रात्र होते. ससा दिवसभर पिंजऱ्याचे गज चावत बसतो आणि छातीवरचे केस ओढतो. दुकानदार म्हणतो, ‘तो नर आहे, एक मादी घेऊन जा, रमेल.’ सासूबाई म्हणतात, पिल्लं झाली तर पाव्हण्यांत वाटू. शेजारी त्यांचा गिनी पिग द्यायला तयार आहेत. जोडीदार खरंच लागतो, की आम्ही माणसं पुरे?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, जोडीदार लागतो, आणि तो ससाच लागतो. पण दुकानात जायच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा.

खानापूरच्या रानात दिसतो तो ससा एकटा राहतो, म्हणून आपल्याकडे अनेकांना वाटतं की सशाला सोबतीची गरज नसते. तुमचा पांढरा ससा त्या जातीचा नव्हेच. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळं खणून घोळक्यानं राहणारे. त्यांच्यात कुणाला धोका जाणवला की तो मागचा पाय जमिनीवर आपटून बाकीच्यांना सावध करतो. एकट्या सशाला सगळा पहारा स्वतःच द्यावा लागतो, आणि तुमच्याकडे शिवाय मागांचा खडखडाट. पिंजरा आजच परसाकडच्या खोलीत हलवा.

माझी नोकरी म्हशी-बैलांत गेली, पण अनगोळच्या घरी मी सशांची जोडी पाळली आहे. नर डोकं खाली घालून पुढं येतो आणि मादी त्याचं कपाळ, डोळ्यांच्या कडा, कानांची मुळं चाटत राहते. मी कितीही हात फिरवला तरी तो इतका सैल पडत नाही. तुमच्या मुलीची माया खरी आहे, पण हे काम तिच्यानं व्हायचं नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकते. छातीवरचे केस ओढणं कंटाळ्यानं होतं, खरुज-किड्यांनीही होतं, पण पिल्लांसाठी घरटं करायला मादीही तसंच करते. गाभण नसतानाही करते. ओढलेले केस ती तोंडात धरून कोपऱ्यात नेते का, ते बघा. लहान पिल्लात नर-मादी ओळखायला दुकानदार पुष्कळदा चुकतात, तेव्हा तुमचा ‘तो’ कदाचित ‘ती’ असेल. डॉक्टर हातात घेऊन मिनिटात सांगतील.

ते कळल्यावर नसबंदी. नर-मादी तसेच एकत्र सोडले तर 31 दिवसांत पिल्लं होतात, आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण इतकी पिल्लं घेणारे पाव्हणे कुणाकडेच नसतात. दोन नर ठेवले तर वयात आल्यावर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. सगळ्यात चांगली निभते ती नसबंदी केलेल्या नराची आणि नसबंदी केलेल्या मादीची जोडी. नराचं ऑपरेशन झाल्यावरही सहा आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवा, तोवर तो पिल्लं देऊ शकतो. मादीचं ऑपरेशन मोठं आणि खर्चाचं असतं, तरी टाळू नका. ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो.

गिनी पिग शेजाऱ्यांकडेच राहू दे. सशाच्या एका लाथेनं त्याला इजा होते, आणि सशाला न बाधणारे काही जंतू त्याला न्यूमोनिया करतात.

दुसरा ससा आला की दोन पिंजरे शेजारी, मध्ये बोटभर अंतर. रोज एकाखालचं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, दुसऱ्याकडे टाका, वासाची ओळख होऊ दे. दोघं जाळीजवळ निवांत बसायला लागले की मग भेट, तीही दोघांनाही नवख्या जागी. न्हाणी कोरडी करून पोतं अंथरलं तरी चालतं. पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं. एकमेकांवर चढले तर घाबरू नका. गोल गोल पाठलाग आणि चावा सुरू झाला तर जाड टॉवेल टाकून सोडवा, मोकळा हात घालू नका. काही जोड्या आठवड्यात जमतात, काहींना महिने लागतात. जमल्यावर दोघांना निदान दहा बाय सहा फूट जागा हवी.

तोपर्यंत तुम्हीच त्याची सोबत. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला चळवळ्या असतो, तेव्हा खोलीचं दार लावून त्याला मोकळा सोडा. मुलीनं पहाटेचा अभ्यास तिथंच जमिनीवर बसून करावा. उचलून घेऊ नये, तो आपण होऊन जवळ येईल. वाळलेलं गवत कायम पुढ्यात असू दे. गवत चघळण्यात गुंतला की गज चावणं बरंच कमी होतं.

ऑपरेशन ठरवताना डॉक्टरांना एक विचारा, ‘आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?’ सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवावं लागत नाही, उलट उपासानं त्याचं आतडं थांबतं. ‘ठेवा’ असं उत्तर आलं तर सशांची सवय असलेला दुसरा डॉक्टर शोधा, त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.