सांडव्यातल्या फळ्या आधी काढा

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची ४२ बंगल्यांची सोसायटी आहे. विकासकाने ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलं, 'लेक व्ह्यू' म्हणून प्लॉट विकले आणि आता तो फोनही घेत नाही. बांध नऊ मीटर उंच आणि १४० मीटर लांब आहे. होड्यांना पाणी पुरावं म्हणून आम्ही दरवर्षी सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेत, फळ्या घालतो. माथ्यावर सावलीसाठी झाडं लावली आहेत आणि काठावर 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी आहे. गेल्या पावसाळ्यात पायथ्याशी पाझर दिसला आणि आता खालच्या वाडीने वकिलामार्फत नोटीस दिली आहे. निम्मे सभासद म्हणतात, तळं बिल्डरचं, आम्ही पैसे का द्यायचे? खजिनदारांच्या मते पाझराचा उल्लेख इतिवृत्तातून काढून टाकावा. धरण सुरक्षा कायदा आम्हाला लागू होतो का? मी अध्यक्ष आहे. काय करावं?

उत्तर : अध्यक्षमहोदय, खजिनदारांना आधी आवरा. इतिवृत्तातली ती नोंद खोडलीत तर पाझर बुजणार नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागेल. शिवाय उपयोग काहीच नाही, कारण वाडीची नोटीस तुमच्या हातात पडली त्या दिवसापासून 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव संपला.

आता कायद्याचं. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना तो काही अटींवरच लागू होतो. माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर असणं, पाया विशेष अवघड असणं, अशा त्या अटी आहेत. उंची मात्र पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून धरतात. तुमचे नऊ मीटर कुठून मोजलेत ते तपासा. बहुधा तुम्ही या कायद्याबाहेरच राहाल. पण त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. तपासणीची सक्ती नाही एवढाच त्याचा अर्थ, भरपाईतून सुटका नाही.

भरपाईचा नियम मुळात एका खासगी तलावावरूनच आला. इंग्लंडमधला खटला, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, १८६८. गिरणीमालकाने कंत्राटदाराकडून तलाव बांधून घेतला, पाणी जुन्या खाणींतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. मालकाची स्वतःची चूक नसतानाही भरपाई त्याच्यावर पडली. म्हणजे 'बांधला बिल्डरने' हे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच निकालात निघालंय.

आपल्याकडे अपवाद झाला तो मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेतिनगरचे जमीनदार या १८७४ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, निकालात. तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तरी जमीनदार सुटले, कारण ते तलाव रयतेच्या शेतीसाठी होते आणि ते राखणं हे त्यांचं कर्तव्यच होतं. तुमच्या तळ्यावर एक वाफाही भिजत नाही, फक्त होड्या तरंगतात. ही सवलत मागायला तुम्ही कोणत्या तोंडाने जाणार?

'अस्मानी संकट' हा बचाव उरतो. पुन्हा इंग्लंडमधलाच खटला, निकोल्स विरुद्ध मार्सलँड, १८७६. तिथेही शोभेचीच तळी होती, ती फुटली आणि चार पूल गेले. मालकीण सुटल्या, पण का? पाऊस कोणाच्या आठवणीत नव्हता इतका झाला होता आणि बांधांच्या रचनेत किंवा देखभालीत हयगय आढळली नाही म्हणून. तुमच्या बाबतीत विरुद्ध बाजूचा वकील फळ्यांचा एक फोटो न्यायालयापुढे ठेवेल, आणि तिथेच हा बचाव बुडेल. मातीच्या बांधाला सांडवा हाच श्वास. तो कोंडला की पाणी माथ्यावरून जातं आणि भराव काही तासांत वाहून जातो. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा बांध पोखरल्याचा दोष खेकड्यांना दिला गेला आणि अख्ख्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले. तुमच्याकडे तर खेकड्यांचंही नाव घेता येणार नाही.

फौजदारी बाजू पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः लागते, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जुन्या भारतीय दंड संहितेत कमाल दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षं आहेत. 'स्वतःच्या जबाबदारीवर' ही काठावरची पाटी पोहायला आलेल्या पाहुण्यापुरतीच, आणि तीही जेमतेम. वाडीतल्या झोपलेल्या माणसाला ती कशी लागू होणार?

मालकीचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा. सातबारा आणि मंजूर रेखांकन काढा. तळ्याची जागा अजून विकासकाच्या नावावर असेल तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करणं) मागा, त्याच्याविरुद्ध खर्चाचा दावाही राखून ठेवा. ओढ्यावर बांध घालायला परवानगी होती का, तेही पाहा, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढेनाले सरकारचे. मात्र पाणी किती ठेवायचं हे तुम्ही ठरवता, फळ्या तुम्ही घालता. ताबा आणि वापर तुमचा असताना 'तळं आमचं नाही' हे कोणी ऐकणार नाही.

तेव्हा फळ्या आजच काढा. पाणी विमोचकातून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, हळूहळू उतरवा, घाईत बांध फोडू नका, नाहीतर पूर तुम्हीच आणाल. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मातीची धरणं पाहिलेला अभियंता आणा. इमारतींचा स्ट्रक्चरल ऑडिटर इथे कामाचा नाही. पाझर स्वच्छ आहे की गढूळ हे तो पहिल्यांदा विचारेल. गढूळ असेल तर भरावातली माती आतून वाहतेय, आणि मग पावसाळ्याची वाट बघायची नसते. माथ्यावर सावलीसाठी लावलेल्या झाडांबद्दल तो जे सांगेल ते मुकाट्याने ऐका.

तहसीलदारांना तुम्ही स्वतः पत्र द्या. वाडीचे लोक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली धोका दूर करण्याचा आदेश मागायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. आदेश येण्याआधी काम सुरू झालेलं असलं तर बोलायला तोंड राहतं. वाडीच्या नोटिशीला उत्तर देताना आरोप नाकारण्यात पानं घालवू नका. पाणी कधी उतरवताय ते कळवा आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या.

पैशांसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. विरोध करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात येऊ द्या, मंजूर वर्गणी थकवणाऱ्यांविरुद्ध उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. अभियंत्याचा अहवाल आला की सातबारा, रेखांकन आणि नोटिशीच्या प्रतीसह मला पाठवा. विकासकाला द्यायच्या नोटिशीचा मसुदा तेव्हा करू.